नऊ किलोमीटरवरचा यजमान

घर नऊ किलोमीटरवर राहिलं आणि रादिसावचे तास संपले.

सकाळचे आठ वाजले होते. ट्रकमधलं ते मेलं नोंदयंत्र लाल दिवा लावून ओरडायला लागलं: नऊ तास चालवलंस, आता अकरा तास चाक हलवायचं नाही. रादिसावने त्याला दोन सणसणीत शिव्या हासडल्या आणि आरिल्येच्या रस्त्यावरच्या पंपावर ट्रक लावला.

आणि दिवस कुठला? तर एकोणीस डिसेंबर, संत निकोलाचा! घराण्याची स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण. या दिवशी कुणाला आमंत्रण नसतं. येईल तो पाहुणा, आणि आलेल्याला परत पाठवायचं नाही. शेहेचाळीस वर्षं म्हाताऱ्या बापाने, वुकाशिनने, हा सण केला होता. यंदा तो थोरल्याच्या हाती द्यायचं ठरलं होतं. रादिसावने त्यासाठी ऑगस्टमध्येच कोट शिवून घेतला होता.

फोन वाजला. वुकाशिनच.

"कुठे तडमडलायस?"

"पंपावर. तास संपले, बाबा."

"अरे, नऊ किलोमीटर! मी या रस्त्यावर डोळे मिटून चालवलंय."

"तेव्हा यंत्र नव्हतं. आता पकडलं तर धंद्याचा परवाना जाईल. मग तीन ट्रक अंगणात लावून काय, कोंबड्या पाळायच्या त्यांत?"

"मग ट्रक सोड. कुणाला तरी गाडी घेऊन पाठवतो न्यायला."

"आत वीस टन गोठवलेले मासे आहेत. थंडाव्याचं मशीन अर्ध्या अर्ध्या तासाला बंद पडतंय. बुक्की मारल्याशिवाय सुरू होत नाही."

"स्वस्तात मिळतंय म्हणून तूच घेतलंस ना ते?"

"तुम्हीच घेतलंत, बाबा."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग म्हातारा म्हणाला, "पाद्रीबुवा अकराला येतात. तू नसलास तर ल्युबिशा सणाचा पाव कापेल. पाव कापेल तो यजमान. आणि स्लावा एकदा धाकट्याकडे गेली की गेली, सांगून ठेवतो."

धाकट्या ल्युबिशाला सायकलपलीकडे काही धड चालवता येत नव्हतं. तो कचेरीत बसून फोन घ्यायचा, आणि म्हणून दर सणाला घरी असायचा. रादिसावने मात्र तीस वर्षांतल्या एकवीस स्लावा रस्त्यावर काढल्या होत्या. ज्याच्या जिवावर घर चाललं, तोच घराबाहेर! हा कुठला न्याय? चोपन्न वर्षांचा, शंभर किलोचा तो गडी मशीनला बुक्क्या मारता मारता हमसून हमसून रडायला लागला.

साडेअकराला त्यांच्या कचेरीची गाडी पंपावर शिरली. मागे पाहुण्यांच्या आणखी सहा.

वुकाशिन मांडीवरचा गोल पाव सांभाळत, तणतणत उतरला. "या पाद्रीचं डोकं फिरलंय! म्हणे, निकोला वाटसरूंचा संत. तो आज आला, तर घरी जाईल की पंपावर?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार कपाळ! पन्नास माणसांदेखत विचारलं मेल्याने."

पाद्रीबुवा मिशीतल्या मिशीत हसले. ल्युबिशाने सुरी पुढे केली. "घे दादा. एवढ्या लोकांची उठबस माझ्या बापजन्मी जमायची नाही."

पिंपावर पांढरा कपडा अंथरला, मेणबत्ती लागली. रादिसावने पाव कापला, वर वाइन ओतली, पाद्रीबुवांबरोबर तो गोल फिरवला आणि दोघांनी मिळून मोडला. मग तो पाहुण्यांना वाढायला लागला. त्याची बायको देसांका माशांच्या रश्श्याचं पातेलं घेऊन मागोमाग.

तेवढ्यात रस्त्यावरचा तपासनीस आला. त्याने यंत्राचा कागद काढून वाचला.

"यात लिहिलंय, विश्रांती. आणि तुम्ही तर मघापासून उभे!"

"यजमान आज बसत नाही, साहेब. पाहुण्यांना उभ्यानेच वाढायचं."

"ही कसली विश्रांती?"

"साहेब," देसांका म्हणाली, "नुसते प्रश्नच विचारणार, की चार घास खाणार?"

साहेबाने मेणबत्तीकडे पाहिलं आणि टोपी काढली. "आमच्याकडेही स्लावा आजच असते," तो हळूच म्हणाला. "मी सकाळपासून रस्त्यावर आहे."

रादिसावने साहेबाच्या ताटलीत माशाचा सगळ्यात मोठा तुकडा घातला.

वळून बघतो तर वुकाशिन वाइनचा तांब्या घेऊन पाहुण्यांमध्ये फिरतोय.

"बाबा, द्या इकडे. तुम्ही आज पाहुणे."

म्हातारा गोंधळला. शेहेचाळीस वर्षांत या दिवशी तो कुणासमोर बसला नव्हता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेवटी ट्रकच्या पायरीवर टेकला. रादिसावने त्याच्या हातात ताटली दिली आणि समोर उभा राहिला.

वुकाशिनने एक चमचा तोंडात घातला, चघळला, गिळला. डोळे पुसले.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"बाबा, आता पंपावर मीठ कुठून आणू?"

"ते मला काय सांगतोस? शेहेचाळीस वर्षं पाहुण्यांचं मी उभ्याने ऐकून घेतलं. आता तू ऐक."