शेवटची चिठ्ठी

बाबा जाऊन महिना झाला, तेव्हा आम्ही तिघं भावंडं त्यांचं शिंपीकामाचं दुकान आवरायला बसलो. मशीन आधीच विकलं होतं, कापडाचे तुकडे ताईने वाटून टाकले. उरली त्यांची मोठी कात्री. ती तिघांनाही हवी होती, मला जरा जास्तच. शाळेतून आल्यावर मी तिच्या आवाजातच अभ्यास करायचे.

"चिठ्ठ्या टाकू," दादा म्हणाला. "नेहमीसारखं. थोरला आधी, धाकटी शेवटी."

"नेहमीसारखं नको. शेवटच्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. यावरून मी बाबांशी भांडलेय."

"भांडली नाहीस, रडलीस," ताई म्हणाली. "गाडीत खिडकीजवळची जागा कधीच मिळत नाही म्हणून. मिळायची. मिळाली की गप्प असायचीस, एवढंच."

ताईची सातवीतली मुलगी बटणांचा डबा चिवडत होती. "मावशी, शेवटी काढलं तरी शक्यता तेवढीच असते."

"मामाने काय कबूल केलंय तुला?"

तिने एक लाल आणि दोन पांढरी बटणं पिशवीत टाकली. "लाल म्हणजे कात्री. मामा पहिला. त्याची शक्यता?"

"तीनात एक. एवढं येतं मला."

"म्हणजे तीनात दोनदा तो हुकणार. मग उरणार दोन बटणं. निम्म्या वेळा लाल आईला, निम्म्या वेळा तुला. तीनातल्या दोनाचं निम्मं किती?"

"तीनात एक," मी नाइलाजाने म्हणाले. "पण त्याने लाल काढलंच तर मी हात तरी कशाला घालू?"

"आणि दोघं हुकले तर हात घालायच्या आधीच तुला मिळालं. ते तू मोजतच नाहीस."

तरी मला पटेना, म्हणून तीस वेळा खेळलो. दादाला अकरा वेळा लाल आलं, ताईला नऊ, मला दहा.

"सगळ्यांना दहा का नाही?" दादाने विचारलं.

"बटणं काय हजेरी लावतात, मामा? तीनशे वेळा खेळ, वाटे आणखी सारखे होतील."

मी रुसले की बाबा नुसतं हसायचे आणि टेप गळ्यात अडकवून कामाला लागायचे. ते थोरल्याची बाजू घेतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांना सांगायला हवं, असं मनात आलं, आणि मग मी पिशवीतली बटणं डब्यात ओतली.

"टाका चिठ्ठ्या," मी म्हणाले. "मी शेवटी काढते."

दादाने पहिलीच उचलली. कात्री.

"बोल आता," ताई म्हणाली.

"काय बोलू? तीनात एक."

दादाने कात्री उचलली आणि मोठ्या भोकात अंगठा घातला. घरात भाजी चिरतानाही वहिनी त्याच्या हातात सुरी देत नाही.

"अरे, अंगठा लहान भोकात," मी म्हणाले. "बोटं मोठ्या. आणि स्क्रूला दर महिन्याला तेल लागतं."

"मग ये की घालायला."

मी त्याचा हात धरून बोटं एकेक करून नीट बसवली. ताईने कापडाची एक चिंधी पुढे केली. ती त्याने वाकडीतिकडी कापली.