लाल ठिपक्यांची वही

प्रेमिलानं पितळेचा लोटा सुखरामच्या नाकासमोर धरला.

"हे काय होय?"

"हव," सुखराम म्हणाला.

"हव नाई जी. नाव सांगा. लो..."

सुखरामचे ओठ गोल झाले, मानेची शीर ताठली. शब्द अगदी ओठांवर आलेला दिसत होता आणि तेवढ्यात प्रेमिलाच्याच तोंडून "लोटा!" निसटलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. सुखरामनं मान फिरवली आणि तो अंगणातल्या कोंबड्या पाहत बसला.

जेठात तिच्या नवऱ्याला लकवा मारला होता. पाच महिन्यांत पाय सुधारला, हात सुधारला, शब्द मात्र गेले ते गेलेच. समजायचं सगळं, बोलायला एवढा एक होकार उरला होता: हव. भूक लागली, हव. ठसका लागला, हव. अंगावर गरम चहा सांडला, तरी हव! महिन्यातून दोनदा सौंदडहून गाडी धरून प्रेमिला त्याला गोंदियाला न्यायची. तिथल्या नीतू मॅडम बोलणं परत शिकवायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दीदी, पहला अक्षर दीजिए और चुप बैठिए. मन में दस तक गिनिए. उनका शब्द आप मत बोलिए." प्रेमिलाचं तोंड तीनवरच उघडायचं. पण गोंदियाची खेप तिनं एकदाही चुकवली नव्हती. शेजारची मंदाबाई एकदा म्हणाली, "कायले वढाताण करतं, जेवढं आलं तेवढं आलं," तेव्हा प्रेमिलानं तिच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं होतं.

आणि हे सगळं कोणाच्या घरात, तर प्रॉम्प्टरच्या! दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत तालमी थोड्या, पाठांतर त्याहून थोडं. मंचासमोरच्या खड्ड्यात संवादांची वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर बोलतो, मग नट बोलतात. बाकीचे प्रॉम्प्टर अख्खं वाक्य ओरडतात, प्रेक्षकांना एकेक संवाद दोनदा ऐकावा लागतो. सुखराम सव्वीस वर्षं फक्त पहिला शब्द देत आला होता, तोही हळू आवाजात, नट खरंच अडला तरच. कुठं किती थांबायचं ते त्यानं वहीत लाल ठिपक्यांनी मांडून ठेवलं होतं. एक ठिपका, एक श्वास.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. परसराम आला. नाट्यमंडळ त्याचं, नाटकांतल्या म्हाताऱ्या बापाची कामंही तोच करायचा. सुखरामचा जुना दोस्त.

"वहिनी, कसा आहे आता हा?"

"त्यायलेच विचारा ना. समोर तं बसले आहेत."

परसराम ओशाळला. खाटेवर टेकून त्यानं चहाचा कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"दिवाळी झाली का मंडईचे प्रयोग सुरू होतात," तो म्हणाला. "अर्जुनीची अंजू म्हणून पोरगी भेटली. वाचते चांगली. तिले बसवावं म्हणतो खड्ड्यात. फक्त... वही पाह्यजे होती."

प्रेमिलाच्या हातातली बशी कलंडली. वही गेली म्हणजे जागा गेली. 'मंडईले तुमाले खड्ड्यात बसवतो का नाई पाहा,' हे ती रोज सकाळी नवऱ्याला ऐकवत होती, त्याच जोरावर तर लोटा, चूल, कोंबडी चाललं होतं.

"नेऊ ना, गड्या?" परसरामनं विचारलं.

"हव."

परसराम सुटल्यासारखा उठला.

"बसा भाऊजी!" प्रेमिला म्हणाली. "यायच्या तोंडचा हव म्हंजे हव नाई. चटका बसला तरी हव म्हणतात."

"मंग कसं कराचं?"

"नीट विचाराचं."

पेटीतून, लुगड्याच्या घडीतून तिनं वही आणली आणि खाटेवर दोघांच्या मधोमध ठेवली.

"ठेवाची असन तं आपल्याकडे वढा. द्याची असन तं तिकडे सरकवा."

सुखरामनं वहीवर डावा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग वही परसरामकडे सरकवली.

"समजलं नाई तुमाले," प्रेमिला म्हणाली आणि तिनं वही परत मधे ओढली. सुखरामनं पुन्हा सरकवली. ती तिसऱ्यांदा ओढायला गेली तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं.

प्रेमिलाला असा राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं.

"अशी कशी देऊन टाकता? मंग मी कायले मरून राहिली पाच महिने?"

त्यानं मनगट सोडलं नाही.

"प..." तो म्हणाला. "प... प..."

"परसराम?" परसराम म्हणाला.

प्रेमिलानं त्याच्यावर डोळे वटारले. पदराचा शेव दातांत धरला आणि तोंड गच्च मिटलं. दूर कुणाच्या बांधीत धान कापायचं मशीन चालू होतं. चहावर साय धरली. सुखरामच्या कानशिलावरून घामाचा ओघळ निघाला.

"पन... मी... शिक... शिकवीन."

जेठापासून एवढं लांब तो बोलला नव्हता.

"शिकवशील?" परसराम म्हणाला. "कसा शिकवशील गड्या? पोरगी काही विचारन अन् तू हव म्हणशील." बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

सुखरामनं वही उघडली. पानं उलटत एका ठिकाणी थांबला, वही प्रेमिलाच्या मांडीवर ठेवली आणि परसरामला हातानं अंगणात उभं केलं. परसरामला पान न पाहताही प्रवेश कळला. बोलता बोलता त्याची पाठ वाकली, आवाज म्हातारा झाला.

"सरकार, या तलावाच्या पाळीवर माझ्या बापानं माती वाहिली, मी वाहिली..."

इथं तो नेहमीच अडायचा. पानावर लाल ठिपके होते. प्रेमिलाचं तोंड उघडलं, तशी सुखरामची डावी तर्जनी वर गेली.

ती थांबली. बोट हवेतच. परसराम शब्द शोधत होता, आणि शोधता शोधता त्याचा चेहरा खरोखर बेघर म्हाताऱ्याचा होत गेला. प्रेमिलाच्या अंगावर काटा आला. मग बोट खाली आलं.

"आज," तिनं हळूच दिलं.

"आज त्याच पाळीवरून मला हाकलून देता?"

परसरामनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. पुसतच राहिला. मग खाटेजवळ येऊन त्यानं वही उचलली आणि सुखरामच्या उशाशी ठेवली.

"पोरीलेच पाठवतो इथं, उद्यापासून," तो म्हणाला. वहिनीकडे न पाहता त्यानं विचारलं, "किती वाजता पाठवू, सुखराम?"

"चार."

"चार? पहाटचे?"

सुखरामच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं जोरात मान हलवली.

"नाई," तो म्हणाला.

कप उचलायला वाकलेली प्रेमिला तशीच खाली बसली. दुपारचे चार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती मनात दहापर्यंत मोजू लागली.

"मंग?" परसरामनं विचारलं, आणि पायातल्या चपला काढून तो पुन्हा खाटेवर बसला.