सभागृहात गोंधळ व्हावा म्हणून

आमच्या बोळात अंबूबाईंच्या राजकारणाच्या अभ्यासाबद्दल मोठा आदर आहे, आणि तो संपूर्ण चुकीचा आहे. अधिवेशन सुरू झालं की सकाळी अकराच्या आत त्यांचा स्वयंपाक उरकलेला असतो. मग त्या टीव्हीवर लोकसभा लावतात, समोर पाट टाकून बसतात आणि सभा उठेपर्यंत हलत नाहीत. कोल्हापूरच्या आमच्या शिवाजी पेठेत फुटबॉल सोडून दुसरं काही कुणी इतकं मन लावून बघत असेल असं मला वाटत नाही. काय मावशी, आज दिल्लीत काय चाललंय, असं कुणी विचारलं तर त्या तोंड वाकडं करून सांगतात की आज काम चाललंय, दिवस वाया गेला. ऐकणारा हसतो आणि मावशींनी सरकारला काय चपराक हाणली म्हणून तालमीत जाऊन सांगतो.

चपराक वगैरे काही नव्हती. त्यांचा दिवस खरोखरच वाया गेलेला असायचा. त्यांचा मुलगा सम्राट लोकसभेत मार्शल आहे. बंद गळ्याचा कोट आणि फेटा घालून अध्यक्षांच्या खुर्चीमागे ताठ उभं राहायचं, हे त्याचं काम. तालमीत कमावलेलं अंग असं देशाच्या कामी आलं. आता गंमत अशी आहे की सभागृहात सगळं सुरळीत चालू असलं की कॅमेरा बोलणाऱ्या खासदारावर असतो. पण गोंधळ सुरू झाला, मंडळी फलक घेऊन पुढं धावली, की कॅमेरा त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही. तो अध्यक्षांच्या खुर्चीकडं वळतो आणि सभा थंड होईपर्यंत तिथंच राहतो. थोडक्यात, देशाचं काम बंद पडलं की अंबूबाईंना मुलगा दिसतो.

सम्राटनं दिल्लीतच मोना नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि नंतर कळवलं. तो पेढे घेऊन एकटाच आला, तेव्हा मी माझ्या पायरीवर पेपर वाचत बसलो होतो. अंबूबाई बोलल्या ते मला ऐकू आलं, तसं ते पार चौकापर्यंत ऐकू गेलं असणार.

"पुन्ना मला तोंड दाखवू नगंस."

पोरगं आईच्याच वळणाचं. पेढ्यांचा बॉक्स पायरीवर ठेवून जे गेलं ते आलं नाही, आणि त्यानं फोनही केला नाही. अंबूबाईंनीही केला नाही. तोंड दाखवायचं तेवढं काम मग लोकसभेनं अंगावर घेतलं. त्या टीव्हीचा आवाज बंद ठेवून बघतात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, त्यो कुठं त्यात बोलतोय? मला त्या बाईचा फार राग येतो, आणि तितकीच कीवही येते. दोन्ही मी मनात ठेवतो, कारण त्यांच्या हातची आमटी आमच्या घरी येत असते.

यंदाच्या अधिवेशनात आठवडाभर सम्राट दिसला नाही. रोज गोंधळ झाला, पण खुर्चीमागे दुसराच कुणीतरी उभा होता. अंबूबाई मला म्हणाल्या की नवा माणूसबी बरा उभा राहतोय. मग चहा तसाच ठेवून आत गेल्या. फोन लावून विचारा, असं मी सुचवलं. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला.

त्याच सुमारास बोळातल्या पोस्टाचं प्रकरण निघालं. आमचं दोन खोल्यांचं पोस्ट उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या पोस्टात घालायचं ठरत होतं. म्हाताऱ्यांनी पेन्शनसाठी रिक्षा करून जावं, अशी योजना. तालमीचे अध्यक्ष जोतीराम यांनी खासदारांच्या घरी बसून बसून शब्द मिळवला, की गुरुवारी शून्य प्रहरात ते हा प्रश्न मांडतील. कामकाज बघायचं कुठं, यावर चर्चाच झाली नाही. सगळा बोळ अंबूबाईंच्या घरी बाहेरच्या सोप्यात जाऊन बसला.

त्या सकाळी जोतीरामनं तालमीच्या मारुतीला नारळ फोडला होता, आज सभा शांत चालू दे म्हणून. मी अंबूबाईंकडं गेलो तेव्हा त्या जोतिबाच्या फोटोपुढं उदबत्ती लावत होत्या. पोस्टासाठी का, असं मी विचारलं. त्यांनी तीच उदबत्ती टीव्हीलाही ओवाळली. एका गल्लीतून एकाच सकाळी देवांकडं असे दोन अर्ज गेले.

जोतीरामनं पहिलं काम केलं ते टीव्हीचा आवाज सोडण्याचं. अंबूबाईंनी पाट थोडा पुढं सरकवला. मारुतीचा वशिला जबर होता हे लगेच दिसून आलं. प्रश्नोत्तराचा तास कुणीही बाकावरून न उठता पार पडला. एका मंत्र्यांनी मत्स्यबीजावर सविस्तर उत्तर दिलं आणि विरोधकांनी चक्क आभार मानले. इतका शहाणपणा मी त्या सभागृहात कधी बघितला नव्हता. बोळातली माणसं खूश होती. अंबूबाईंचा चेहरा मात्र उतरत चालला होता, आणि त्यांचा हात पदराच्या टोकाला सारखा पीळ घालत होता. कॅमेरा एकदाही खुर्चीकडं नीट गेला नाही. मागं कोण उभं आहे ते कळायला मार्ग नव्हता.

शून्य प्रहर सुरू झाला. कुणी बिबट्यांबद्दल बोललं, कुणी रेल्वेच्या थांब्याबद्दल. मग आमचे खासदार उठले. त्यांनी कागद नीट धरला, अध्यक्ष महोदया म्हणाले, कोल्हापूर म्हणाले, शिवाजी पेठ म्हणाले, आणि तेवढ्यात समोरच्या बाकांवरून कुणीतरी भलत्याच विषयावर ओरडत पुढं धावलं. त्याच्यामागं वीस-पंचवीस जण धावले. फलक वर झाले. कॅमेरा गर्रकन फिरला आणि खुर्चीवर जाऊन थांबला.

खुर्चीमागे सम्राट उभा होता.

अंबूबाई उठून टीव्हीला जवळजवळ चिकटल्या. जोतीराम खासदारांचा आवाज ऐकायला धडपडत होता, मावशी सरा की जरा म्हणत होता. त्यांना ते ऐकू जात नव्हतं. कोट पोराच्या अंगावर लोंबत होता. गालफडं आत गेली होती. फेटा कपाळावर खाली उतरला होता, आणि तो सावरायला हात वर करायची त्याला परवानगी नव्हती.

"वाळलाय," अंबूबाई म्हणाल्या.

खासदार कुठले वाळलेत, पूर्वीपेक्षा सुटलेत, असं मागून कुणीतरी म्हणालं. खुर्चीवरच्या बाईंनी बसायला सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि कामकाज उद्यापर्यंत तहकूब केलं. पडद्यावर फुलांचा बगीचा आला.

सोप्यात शिव्यांना सुरुवात झाली. जोतीराम तणतणत बाहेर गेला आणि खासदारांच्या माणसाला फोन लावला. भाषण लिहून दिलंय, ते मांडलं असंच धरा, असं त्याला कळलं. काय धरायचं, हे जोतीराम पायरीवरून मोठ्यानं विचारत राहिला.

अंबूबाईंनी भिंतीतल्या देवळीतला मोबाइल काढून माझ्या हातात दिला. कुणाला लावू, हे मी विचारलं नाही. तिकडं फोन लगेच उचलला गेला, पण कुणी बोलेना. मी स्पीकर सुरू करून मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

"बोल की," अंबूबाई म्हणाल्या. "सभा उठली न्हवं? तोंड तरी टीव्हीत दिसतंय. आवाज ऐकून वरीस व्हायला आलं."

"आई," सम्राट म्हणाला. "डेंगी झालता. आठ दिस दवाखान्यात हुतो. मोनानं एकटीनं निभावलं."

शिव्या थांबल्या होत्या. जोतीरामही उंबऱ्यात येऊन उभा राहिला होता. अंबूबाई बंद पडलेल्या सभेच्या बगीच्याकडं बघत होत्या. पदरानं नाक पुसून त्या शेवटी बोलल्या, तेही इतक्या हळू की चौकात कुणाला ऐकू जाणार नाही.

"तोंड दाखवायला ये. तिलाबी घिऊन ये."