तिसऱ्या मजल्यावरचा तास

कॉलेजात तिला सगळे पायाबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. व्यवसाय प्रशासनाच्या पहिल्या वर्षाला ती व्यवस्थापनाची मूलतत्त्वं शिकवायची आणि दर वर्षी पहिल्या तासाला न चुकता सांगायची, "हा विषय म्हणजे पाया आहे. तो कच्चा राहिला तर पुढचं सगळं डळमळीत." मागच्या बाकांवरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "पाया पडतो, बाई," आणि वर्ग खिदळायचा. दर वर्षी पोरं नवी असायची, पण हा विनोद प्रत्येक तुकडीला आपलाच वाटायचा. तिला आता त्याचा रागही येत नसे. रागाला अंगात जोर लागतो.

नियोजन, संघटन, नेतृत्व, नियंत्रण. फळ्यावर हे चार शब्द लिहून लिहून तिचा उजवा खांदा धरला होता. शंभरावर पोरं, त्यातली निम्मी बापाने घातलं म्हणून आलेली, उरलेल्यांना दुसरीकडे जागा मिळाली नव्हती. त्यांना जरा कळायला लागलं की ती दुसऱ्या वर्षात जात, आणि दारात नवी शंभर उभी असत. तिच्या मागून नोकरीला लागलेले लोक वरच्या वर्गांना जाहिरातशास्त्र नि धंद्याची व्यूहरचना शिकवू लागले. ती तळमजल्यावरच राहिली.

दर वर्षी वेळापत्रकाच्या बैठकीत ती विभागप्रमुखांकडे एकच गोष्ट मागायची. "सर, यंदा तिसऱ्या वर्षाची व्यूहरचना मला द्या."

विभागप्रमुख वयाने तिच्याहून लहान. ते मान हलवून म्हणायचे, "मॅडम, पहिलं वर्ष तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?"

हे कौतुक आहे की बोळवण, हे तिला बरीच वर्षं कळलं नाही. कळलं तेव्हाही ती मागत राहिली, सवयीने.

आणि यंदा तो विषय शिकवणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले. विभागप्रमुख बैठकीत म्हणाले, "मॅडम, व्यूहरचना तुमच्याकडे. पहिल्या वर्षाला नवीन मॅडम येतायत."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरं."

घरी नवरा चष्म्याचं दुकान बंद करून लवकर आला होता. फोनवर बातमी कळली तेव्हापासून तो आनंदात होता. "अगं, हसशील तर खरं! इतकी वर्षं जीव काढलास त्याच्यासाठी."

"हसते ना," ती म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली. "आता सगळ्या नोट्स नव्याने काढायच्या."

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" त्यांना ऐकू कमी यायचं.

"बढती मिळाली हिला!" नवरा ओरडला.

"कुणाला सर्दी झाली?"

तेव्हा मात्र तिला हसू आलं.

खरं सांगायचं तर तिला त्या दिवशी काहीच वाटलं नव्हतं. मनात इतकी वर्षं जपलेली गोष्ट हातात आली, आणि हाताला तिचं नुसतं वजन लागलं.

तिसऱ्या वर्षाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट होती, पण तिच्यावर 'बंद आहे' अशी पाटी, आणि ती पाटीही आता पिवळी पडलेली. तिचा डावा गुडघा आधीपासून कुरकुरायचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठड्याला धरून उभी राहायची, पुस्तकं पोटाशी धरून, कुणी येताना दिसलं तर फोन बघितल्यासारखं करत.

वर्गात मोजकी पोरं. ती आता पोरं राहिली नव्हती. कुणी सकाळी कुठल्यातरी कार्यालयात उमेदवारी करून यायचं, कुणाची मुलाखत असायची. आवाज नाही, खिदळणं नाही. ती पडद्यावर आकृती लावायची आणि ती काय सांगते ते वाचून दाखवायची. ते मान डोलवायचे. पहिल्या वर्षाला तिने यांतल्या बहुतेकांना शिकवलं होतं, आणि त्यांनी तिला वाईट वाटू न देण्याचं मनोमन ठरवून टाकलेलं दिसत होतं.

एकदा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, काही कंपन्या वर्षानुवर्षं तोट्यात चालतात, तरी लोक त्यांच्यात पैसे घालतात. या आकृतीत ते कुठे बसतं?"

तिने आकृतीकडे पाहिलं. ते कुठेच बसत नव्हतं. "पुढच्या तासाला बघू," ती म्हणाली.

पुढच्या तासाला ती घरून बरंच काही वाचून गेली. तेच तिने सांगितलं, पण वाचलेलं जसंच्या तसं बाहेर पडत होतं, तिच्यात मुरलेलं काही नव्हतं. मुलगी म्हणाली, "थँक यू, मॅडम." त्या थँक यूनं तिच्या अंगावर काटा आला. तळमजल्यावरच्या पोरांनी जांभई दिली असती, ती परवडली असती.

खाली काय चाललं होतं ते तिला वरून ऐकू यायचं. नव्या मॅडम शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या, हुशार, भरभर बोलणाऱ्या. व्यूहरचना हाच त्यांचा खास विषय होता, पण नवीन माणसाला मागून काय मिळतं? वर्गातला गलका जिन्याने वर चढायचा, मध्येच नव्या मॅडमांचा चिरका आवाज, की पुन्हा गलका.

एक दिवस शिक्षकांच्या खोलीत नव्या मॅडम थंड झालेल्या चहाकडे बघत बसल्या होत्या. "मॅडम, ते ऐकतच नाहीत हो माझं," त्या म्हणाल्या.

"ऐकत नाहीतच ते," पायाबाई म्हणाली.

"मग तुम्ही काय करायचात?"

बसून समजावून सांगावं असं तिच्या मनात आलं. पण पुढच्या तासाला पुन्हा जिना चढायचा होता, आणि घरी सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं होतं. "काही नाही. बोलत राहायचं," एवढंच म्हणून ती उठली. उठताना तिला जरा लाजल्यासारखं झालं, पण ती थांबली नाही.

मग पावसाळी हवेचा एक दिवस आला. गुडघा सकाळपासून सुजला होता. ती जिन्याच्या तळाशी उभी राहून वर बघत होती. शेजारीच पहिल्या वर्षाचा वर्ग. त्याच्या दाराच्या कडीवर हात ठेवून नव्या मॅडम उभ्या होत्या. आत कुणीतरी बाक वाजवत होतं. त्या आत जात नव्हत्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तू वर जा," पायाबाई म्हणाली. आजवर ती त्यांना अहो-जाहो करायची. तोंडातून 'तू' कसं आलं ते तिलाही कळलं नाही.

"कुठे वर?"

"माझ्या वर्गात. आजच्या दिवस. मला जिना चढवत नाही."

"पण मॅडम, मी काही तयारी..."

"तुला तयारी लागत नाही. त्या पोरांना तोट्यातल्या कंपन्यांचं कोडं पडलंय, ते सोडव. जा."

नव्या मॅडमांनी कडीवरचा हात काढला आणि दोन-दोन पायऱ्या चढत त्या वर गेल्या. पायाबाई ते पाहत राहिली. पुढे लोकांनी यात तिचा मोठेपणा शोधला, पण त्या क्षणी तिच्या मनात गुडघ्याशिवाय काही नव्हतं.

आत गेल्यावर ती फळ्याकडे वळलीच नाही. सरळ खुर्चीत बसली आणि पाय समोरच्या रिकाम्या बाकावर ठेवला. हे बघूनच पहिल्या दोन रांगा गप्प झाल्या.

"माझा पाय दुखतोय," ती म्हणाली. "मी आज काही शिकवणार नाही. तुम्ही छत्र्यांचा कारखाना काढा."

"म्हणजे कसा, मॅडम?"

"ते मला काय विचारता? कारखाना तुमचा आहे."

बाक वाजवणारा उंच मुलगा उभा राहिला. "मी मालक!"

"मी पण मालक," दुसरा ओरडला. बघता बघता चाळीसेक मालक झाले. खिडकीजवळच्या दोघी मॅनेजर झाल्या, कुणी जाहिरातप्रमुख झालं, एकाने स्वतःला परदेश दौऱ्यावर पाठवलं.

तिने खुर्चीतूनच विचारलं, "कापड कोण शिवतंय?"

कुणीच नाही.

"दांडे कोण बसवतंय?"

"ठेवू ना माणसं," उंच मुलगा म्हणाला.

"ठेव. पण ती माणसं चाळीस मालकांपैकी कुणाचं ऐकणार?"

वर्गात भांडण जुंपलं. आवाज पहिल्याइतकाच होता, पण आता त्या आवाजात काहीतरी चाललं होतं. कुणी म्हणालं मतदान घ्या, कुणी म्हणालं ज्याचे पैसे जास्त तो मालक. एक बारीक चणीची मुलगी, जी कधी बोलत नसे, ती म्हणाली, "एकाला एकच साहेब पाहिजे, नाहीतर माणूस वेडा होईल. माझ्या बाबांना कामावर दोन साहेब आहेत." वर्ग हसला, आणि मग हसायचा थांबला.

"हे जे ती म्हणाली ना," पायाबाई म्हणाली, "ते पुस्तकात आहे. नाव मोठं आहे, आदेशाची एकवाक्यता. लिहून घ्यायचं तर घ्या."

काहींनी घेतलं. बरेच जण अजून भांडत होते. घंटा झाली तेव्हा कारखान्यात एकही छत्री तयार झाली नव्हती, आणि तिच्या घशाला नेहमीसारखी कोरड पडली होती. ती दमली होतीच. पण हा थकवा तिच्या ओळखीचा होता, घरच्या चपलेसारखा.

'आजच्या दिवस' म्हणता म्हणता आठवडा झाला, मग महिना. रोज जिन्याखाली दोघी भेटायच्या आणि एक वर जायची, एक आत. नव्या मॅडमांचा चेहरा उजळला. पायाबाईच्या गुडघ्याची सूज उतरली. कुणालाच काही सांगितलं नव्हतं, आणि वेळापत्रकावर नावं जुनीच होती.

बिंग फुटलं ते विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातून. तिसऱ्या वर्षाने लिहिलं होतं, व्यूहरचनेच्या मॅडम फार छान शिकवतात, फक्त त्यांनी जरा हळू बोलावं. विभागप्रमुख पायाबाईला अनेक वर्षं ओळखत होते. तिने भरभर बोलावं हे काही त्यांना पटेना. त्यांनी दोघींना बोलावलं.

नव्या मॅडमांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. "सर, चूक माझी आहे."

"तिची कसली चूक? मी पाठवलं तिला," पायाबाई म्हणाली.

विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, या एका विषयासाठी तुम्ही इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत."

"खाल्लं."

"आणि मिळाल्यावर देऊन टाकलात?"

"सर, तेव्हा दिला असता तर मी जीव तोडून शिकवला असता. तेव्हा माझ्यात ते होतं." तिचा आवाज चढला नाही, पण विभागप्रमुखांनी नजर खिडकीकडे वळवली. "आता नाही. आता मला जे येतं तेच करू द्या."

त्यांनी वेळापत्रकाचा कागद समोर ओढला. मग ते म्हणाले, "मी कागदावर बदल करतो. पण एकदा नाव काढलं की पुढच्या वर्षी पुन्हा मागू नका."

"नाही मागणार."

नवऱ्याला हे कळल्यावर तो जेवता जेवता थांबला. "म्हणजे परत पहिलं वर्ष? अगं, लोक काय म्हणतील? झेपलं नाही म्हणतील."

"नाहीच झेपलं."

"असं कसं म्हणतेस!"

"खरं आहे म्हणून म्हणते. वाढू का अजून?"

त्याने ताट पुढे केलं. तिच्यापेक्षा त्यालाच जास्त लागलं होतं, हे तिला दिसत होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याने सांगून ठेवलं होतं.

वर्ष संपलं, निकाल लागले, सुट्टीही सरत आली. तिसऱ्या वर्षाच्या निरोपसमारंभाला सगळ्यांना बोलावणं होतं. ती मधल्या रांगेत कडेला बसली. पुढच्या बाकावरची ती प्रश्नवाली मुलगी बोलायला उभी राहिली. तिला चांगली नोकरी लागली होती. नव्या मॅडमांनी आम्हाला विचार करायला शिकवलं, असं ती म्हणाली, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नव्या मॅडम रडल्या. त्यांना मोठा पुष्पगुच्छ दिला. पहिल्या वर्षाचं नाव कुणी काढलं नाही, आणि कोण काढणार? ते दोन वर्षांपूर्वीचं.

पायाबाईनेही टाळ्या वाजवल्या, मनापासून. पण टाळ्या थांबल्यावर छातीत कुठेतरी बारीक कळ आली. ती कळ ओळखीची नव्हती. खाणंपिणं सुरू होण्याआधीच ती उठली.

फाटकाशी नव्या मॅडम पुष्पगुच्छ सांभाळत धावत आल्या. "ताई, हा खरं तर तुमचा आहे."

त्यांनी प्रथमच ताई म्हटलं होतं. "छे गं," पायाबाई म्हणाली. "तू कमावलायस. आणि एवढं ओझं घेऊन मी बसमध्ये चढू कशी?"

घरी नवऱ्याने दार उघडलं. "कसा झाला कार्यक्रम?"

"चांगला झाला." तिने पर्स खुंटीला अडकवली. "तिला गुच्छ दिला. जळफळले मी जराशी."

तो तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत असलं काही तिने कबूल केलेलं त्याला आठवत नव्हतं. "मग?" त्याने सावकाश विचारलं.

"मग काही नाही. चढलं की उतरतंच ते. उतरेल." ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि तिने डोळे मिटले. "जरा पाणी तापवता का? पाय शेकते. सोमवारी नवी तुकडी यायचीय."

तो आत गेला. सासूबाईंनी विचारलं, "कोण यायचंय?"

"शंभर पाहुणे," तो ओरडून म्हणाला.

"इतके?" सासूबाई म्हणाल्या. "तिला म्हणावं, आधी झोप काढ."

आणि ती खरोखरच, बसल्या बसल्या, झोपून गेली होती.