माझ्या पोटातलं गाव

मी एक जुना लाकडी डेरा आहे. आता माझ्यात छत्र्या ठेवतात. पण मित्रांनो, एके काळी माझ्या पोटात अख्खं गाव नांदत होतं. डोळ्यांना न दिसणारं, पण दुधाचं दही करणारं.

फिनलंडच्या सखल शेतांच्या मुलखात माझ्या मालकिणीच्या, लेंपीच्या, वडिलांनी पाइनच्या फळ्या जोडून मला घडवलं. तिच्या आईने विरजण लावलं. ते माझ्या लाकडात असं मुरलं की पुढे नुसतं दूध ओतलं तरी सकाळी वीली, म्हणजे तिथलं दही, तयार! चमचा उचलला की तार सुटावी, वर बुरशीचा मखमलीसारखा पांढरा थर. मला धुवायचं ते थंड पाण्याने, साबण लावायचा नाही, हा घरचा रिवाज. आणखी एक रिवाज होता. तागाच्या फडक्याची पट्टी त्या दह्यात बुडवायची, वाळवायची आणि कपाटात ठेवायची. डेरा बिघडलाच, तर पुढचं विरजण त्या पट्टीतून.

लेंपीने लग्न केलं नाही, भावाच्या घरीच राहिली. भावजय इर्मेली हाताने सढळ, मनाने चांगली. पण डाग दिसला की तिला चैन पडत नसे. तिची मुलगी तूलिक्की सात वर्षांची. त्या हिवाळ्यात पोरीचा कान सारखा फुटत राहिला, औषधांवर औषधं झाली. मग पोट फुगायला लागलं, आणि मागोमाग कोपरं-गुडघे लाल होऊन सोलवटले. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. शाळेत तिला ‘खवलीण’ म्हणायचे. तिला एकच हवं होतं. जूनच्या सणाला बिनबाह्यांचा झगा घालून, सगळ्यांसारखं तळ्यात उतरायचं.

इर्मेली तिला सौनाच्या वाफेत बसवून डांबराच्या साबणाने घासायची.

“आई, आग होतेय!”

“मळ निघतोय, म्हणून होतेय.”

लेंपीला राहवेना. “अगं, कातडीला कशाला सोलतेस? पोट बिघडल्यापासूनचं आहे हे. आधी पोटाकडे बघ.”

“वन्सं, तुमची ती बुरशी घालू पोरीच्या पोटात?”

“जन्मभर तीच खातेय मी. बघ माझ्याकडे.”

“बघतेच आहे!” इर्मेली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तूलिक्कीला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टर मात्र हसले नाहीत. “पोटाचा आणि कातडीचा संबंध असतो. किती आणि कसा, ते आम्हीही अजून शिकतोय. साबण बंद करा, हे मलम लावा, आणि पोटाला मानवेल ते खाऊ द्या.”

मग रोज सकाळी वाटीभर वीली, वर भाजलेल्या सातूचं पीठ. पोट निवलं. मेअखेर कोपरांवर गुलाबी, कोवळी कातडी आली. दह्याने आली, मलमाने की साबण थांबल्याने, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण तूलिक्की माझ्या काठावरून हात फिरवून “माझा डेरा” म्हणायची, आणि लेंपीने पिवळा, बिनबाह्यांचा झगा शिवून ठेवला.

आणि लेंपी पायरीवरून पडली. खुबा मोडला, इस्पितळात राहावं लागलं.

वन्सं घरी येतील तेव्हा त्यांना आनंद व्हावा, म्हणून इर्मेलीने मला हातात घेतलं. उकळतं पाणी, सोडा, ताठ केसांचा ब्रश. दोन दिवस घासलं. मित्रांनो, तिने प्रेमाने घासलं, हेच मला गिळवत नाही. मग आतून रोगण लावलं, बाहेर निळी फुलं रंगवली.

लेंपी कुबड्या टेकत आली. माझ्यात डोकावली.

“किती चकचकीत केलंस गं,” एवढंच म्हणाली. मग हळूच, “कपाटातली पट्टी कुठे आहे?”

“ते पिवळं पडलेलं फडकं? उकळलं चांगलं. इस्त्रीसुद्धा केली. बघा तरी, कसं पांढरंशुभ्र झालंय!”

लेंपीने पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली; उकळल्यावर त्यातलं विरजणही मेलं होतं. ज्या ज्या घरांना तिने विरजण दिलं होतं, त्यांनी गावात दुकान आल्यावर दही लावणंच सोडलं होतं. दुकानातलं गोड दही तूलिक्की गेले काही दिवस खातच होती. पोट पुन्हा फुगलं होतं. कोपरं लाल झाली होती, आणि घाबरून इर्मेलीने डांबराचा साबणही पुन्हा बाहेर काढला होता.

सणाच्या दिवशी सगळी मुलं तळ्यात होती. तूलिक्की लांब बाह्यांचा सदरा घालून ओसरीत बसली होती. पिवळा झगा खुंटीवर. तिने माझ्यात डोकं घातलं, नाक लावून हुंगलं.

“आत्या, याला वासच येत नाही आता.”

इर्मेली आत काचा पुसत होती. तिचा हात थांबला.

माझ्यावरची निळी फुलं अजून उडालेली नाहीत. येणारे-जाणारे कौतुक करतात. मित्रांनो, स्वच्छता वाईट असं मी कसं म्हणू? एवढंच मागतो, भांडं असो की लेकराचं अंग, ब्रश हातात घेण्याआधी जरा विचारा: इथे कुणी राहत तर नाही ना?