थोरल्या बाईसाहेबांचा निवाडा

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायची. गिऱ्हाइकाच्या नंबराची गोल काच यंत्राला लावायची, फ्रेमच्या मापात उतरवायची, धारदार कडा मोडायची आणि फ्रेमला ऊब देऊन काच अलगद बसवायची. यंत्राच्या घरघरीत बोलायचं कुणाशी आणि ऐकायचं कुणी? मालकाने काही विचारलंच तर उत्तर मानेनंच. ही बाई संध्याकाळी घरी जाऊन हेडफोन चढवते आणि अख्ख्या वस्तीला धाकात ठेवते, असं कुणी सांगितलं असतं तर मालकाने सांगणाऱ्याचाच नंबर तपासला असता.

ही वस्ती होती संगणकावरच्या एका ऑनलाइन खेळातली. त्या खेळातलं जग जळून खाक झालेलं होतं. वाचलेली माणसं धुळीचे मुखवटे घालून एका पाण्याच्या टाकीभोवती राहत. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि आत असेपर्यंत त्याच्यासारखंच वागायचं-बोलायचं, हा तिथला नियम. बाकीचे शिकारी झाले, लुटारू झाले, बंदूकवाले झाले. ती झाली थोरल्या बाईसाहेब. ही एका जुन्या मालिकेतली खलनायिका. मालिका बंद होऊन जमाना लोटला होता, पण बाईसाहेबांचं नाव काढलं की लोक अजून अंग चोरून घ्यायचे. त्या कधी आवाज चढवत नसत. गोड बोलून समोरच्याला पार मातीत घालत.

एका मोडक्या बसमध्ये चालकाच्या जागेवर ती बसायची. ती धीमी चाल, बोटात फिरणारा किल्ल्यांचा जुडगा, हे सगळं तिनं मालिकेतून उचललं होतं. वाक्यं मात्र तिची तिला सुचायची. ‘राहू दे, मी करते, मला सवय आहे.’ ‘तुझं आपलं बरं आहे बाई.’ आणि सगळ्यात जालीम म्हणजे, ‘आम्ही काही बोललो का?’ बंदूकवाल्यांना हसून उडवणारे गडी या एका वाक्यानं गप्प व्हायचे. ही वाक्यं येतात कुठून, याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

खलनायिका म्हटली की छळायला कुणीतरी लागतंच. तशी एक आयती मिळाली. मुंगी नावाची. पाणी गाळायची, जाळ्या धुवायची, बोलायची कमी. मुखवट्यामुळे तिथे सगळ्यांचेच आवाज डब्यातून आल्यासारखे यायचे, पण मुंगीच्या आवाजातली थरथर त्यातूनही कळायची. बाईसाहेबांनी तिचं पाणी निम्मं केलं, तिनं धुतलेल्या जाळ्या चारचौघांत पुन्हा धुवायला लावल्या. मुंगी मुकाट ऐकायची. लोक म्हणायचे, काय काम करते ही पोरगी, खरंच रडते की काय असं वाटतं.

मग बाईसाहेबांनी मोठा डाव टाकला. टाकीच्या फाटकाची किल्ली मुंगीच्या हवाली केली, दुसरी गुपचूप बनवून घेतली आणि त्या दुसऱ्या किल्लीनं स्वतःच लुटारूंना फाटक उघडून दिलं. निम्मी टाकी रिकामी झाली. आळ अर्थातच मुंगीवर.

रविवारी दुपारी निवाडा ठेवला. सगळी वस्ती बससमोर जमली. शिक्षा ठरलेली होती, मुखवटा काढून घेऊन फाटकाबाहेर काढायचं. मुखवट्याशिवाय बाहेर गेलेलं पात्र कायमचं मरायचं, ते परत कधी मिळायचं नाही. वस्तीचा पहारेकरी, ज्याला सगळे दाढीवाला म्हणत, तो मुंगीच्या पाठीला बंदूक लावून उभा राहिला. इकडे घरी, आपल्या खोलीत, बाईसाहेब झालेली ती खुर्चीच्या टोकाला सरकून बसली होती. डाव असा जमून आला की तिच्या अंगावर शहारा यायचा.

“बोल ना,” ती म्हणाली. “गप्प का? आम्ही काही बोललो का तुला?”

मुंगीनं तोंड उघडलं असावं, कारण तिचा माइक सुरू झाला. पण ऐकू आला तो दुसराच आवाज. लांबून, बहुधा शेजारच्या खोलीतून.

“संपलं का तुमचं? भोपू उठलाय. राहू दे, मी बघते, मला सवय आहे. आम्ही काही बोललो का?”

वस्तीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, हिच्या घरी पण एक बाईसाहेब आहेत की.

खुर्चीत बसलेल्या तिनं मात्र ते नाव ओळखलं. भोपू हे नाव जगात एकाच पोराला होतं. तिच्या धाकट्या भावाच्या मुलाला. जन्मला तेव्हा गाडीच्या भोंग्यासारखा रडायचा म्हणून तिनंच ते ठेवलं होतं. आणि तो आवाज तिच्या आईचा होता. शब्द तेच, शेवटाला खाली येणारा सूर तोच. दर रविवारी संध्याकाळी माहेरी जाऊन ती हेच ऐकत आली होती, आणि भावजयीचा चेहरा उतरला की म्हणत आली होती, मनावर घेऊ नकोस गं, आईचा स्वभावच तसा.

“आलेच, आई,” मुंगी म्हणाली. मग वस्तीकडे वळली. “फाटक मीच उघडलं. काढा बाहेर.”

हसणारे थांबले. दाढीवाल्यानं विचारलं, काढू का बाईसाहेब? मुंगीनं फाटक उघडलं नव्हतं, हे तिथे फक्त दोघींना ठाऊक होतं.

“तू नाही उघडलंस,” ती कशीबशी म्हणाली. “मग हो का म्हणतेस?”

“नाही म्हणून कुठे काय झालंय? इथेही तेच ऐकायचं असेल तर लवकर आटपा. मला काम आहे.”

दाढीवाल्यानं मुंगीच्या मुखवट्याला हात घातला. बाईसाहेबांना आता नुसती मान हलवायची होती. खरं सांगितलं तर बाईसाहेबांचंच पात्र जाणार होतं, वर्षभर जीव लावून उभं केलेलं. अख्ख्या दिवसात तिचा आवाज कुणी ऐकून घेत असेल तर तो इथेच.

“हात काढ,” ती म्हणाली. “फाटक मी उघडलं.”

आधी कुणाला खरं वाटेना. ही बाईसाहेबांची नवी चाल म्हणून दाढीवाला हसू लागला. तिनं जुडग्यातली दुसरी किल्ली काढून बसच्या पायरीवर टाकली. त्यानं ती उचलली, फाटकाला लावून पाहिली. कुलूप उघडलं. मग मात्र वस्ती खवळली. तिचा मुखवटा ओढून काढला आणि तिला फाटकाबाहेर ढकललं. धुळीत थोडं अंतर गेल्यावर बाईसाहेब गुडघ्यांवर आल्या आणि पडदा काळा झाला. मुंगी त्याआधीच निघून गेली होती.

ती तशीच घरच्या कपड्यांवर माहेरी पोचली. दार भावजयीनं उघडलं. कडेवर भोपू, केसांवर हेडफोनच्या पट्टीची खूण. आई पंख्याखाली बसली होती. लेकीला बघून खूश झाली आणि आत वळून म्हणाली, “ताईला पाणी आणायचं सुचतंय का कुणाला? नाही, आम्ही काही बोललो का.”

“बोललीस,” ती म्हणाली. “आई, तू बोललीस. मघाशीही बोललीस, मी ऐकलं. आणि तेच मी दुसऱ्यांना बोलत हिंडते.”

पोटची पोरसुद्धा आपली राहिली नाही असं काहीतरी पुटपुटत आई उठली आणि खोलीचं दार लावून घेतलं. भाऊ वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेला. तो नेहमीच गॅलरीत जायचा.

स्वयंपाकघरात भावजय तिच्याकडे पाठ करून उभी होती. तिनं न वळताच विचारलं, “त्या तुम्ही होतात?”

“हो.”

“तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, ताई. म्हणून जात होते मी.” ती वळली तेव्हा डोळे कोरडे होते. “तुम्हाला माहीत नव्हतं, हे कळतंय मला. पण आत्ता तुमच्याशी बोलवत नाही.”

ती भोपूच्या डोक्यावरून हात फिरवून निघाली.

पुढचे बरेच दिवस आईनं फोन घेतला नाही. मग घेऊ लागली, पण हवापाण्यापलीकडे जायची नाही. भावजयीनं मुंगी सोडून दिली आणि कुठल्याशा दुसऱ्या वस्तीत नवं पात्र घेतलं. कुठलं ते तिनं सांगितलं नाही आणि हिनंही विचारलं नाही. हिनं स्वतः खेळ उघडला तो एकदाच. पात्र निवडा, असं पडद्यावर आलं. जरा वेळ बघत बसली आणि बंद केला.

एका दुपारी ती दुकानात जाड नंबराची काच घासत होती, तेव्हा भावजयीचा फोन आला. तिनं यंत्र थांबवलं.

“आई आज परत बोलल्या,” भावजय म्हणाली. “मग मीही बोलले.”

“काय म्हणालीस?”

“ते नंतर सांगेन. जेवल्या नाहीत त्या. तुम्ही संध्याकाळी येता का?”

येते, ती म्हणाली. मालकाने पुढच्या दुकानातून विचारलं, काच झाली का? तिनं मोठ्यानं सांगितलं, की थोडा वेळ लागेल आणि आज ती लवकर निघणार आहे.