परतीची बाजू

जंगल सरकारी, आणि बाराही महिने उघडं. उन्हाळ्यात तळ्यात होड्या, मग सायकली, पानं लाल झाली की फोटोवाले, आणि बर्फ पडलं की घसरगाड्या ओढत आलेली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं. हौसेला ऋतू नसतो. फाटकाजवळच्या खिडकीत सूनबाई बसायची. "वर बघण्यासारखं काय आहे हो?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "झाडं."

त्या झाडांवर वाट दाखवणारे पिवळे पट्टे ओढायचं काम तिच्या सासऱ्यांचं, अण्णांचं. इथल्या झाडांची साल दरवर्षी गळते आणि रंगही घेऊन जाते. म्हणून बर्फाआधी पट्टे नवे करायचे. एकदा वाट बर्फाखाली गेली की पट्ट्यावाचून माणसाला वाली नाही. सासूबाई वसंतात गेल्या, तेव्हापासून अण्णा खुर्चीतून उठेनात. रंगाचा डबा हातात आला आणि माणूस पुन्हा दाढी करायला लागला.

पण या आठवड्यात तक्रारी आल्या. वरच्या वाटेने गेलेले लोक येताना भरकटत होते.

"आता अण्णांना घरीच बसवू या का?" जंगलखात्याच्या साहेबांनी जरा चाचरतच विचारलं.

"लोकांचे डोळे फोनमध्ये, आणि खापर अण्णांच्या डोक्यावर?" सूनबाई उसळली. "काम काढून घ्याल तर माणूसच जाईल हो."

"पुन्हा कोणी चुकलं तर माझाही नाइलाज आहे."

आणि आज सकाळी वर गेलेल्या मायलेकी दुपार कलली तरी आल्या नव्हत्या. डोंगरावरून धुकं उतरायला लागलं होतं. सूनबाईने खिडकी बंद केली, तर अण्णा बूट घालून तयार.

"मी येतो. माझी वाट आहे ती."

"आणि डबा कशाला?"

"शिपाई बंदूक घरी ठेवून जातो का?"

चढताना तिचा जीव भांड्यात पडला. झाडागणिक पट्टा, कडा सुरीने कापल्यासारख्या. "अण्णा, आंधळासुद्धा चुकायचा नाही."

"मग! सांग तुझ्या साहेबाला."

माथ्याजवळ हाकेला ओ आली. आई एका दगडावर बसली होती, तिच्या कुशीत शाळकरी लेक, ओठ निळे पडलेले. सूनबाईने आपली शाल त्या मुलीभोवती गुंडाळली. आईला मात्र माणसं दिसल्याबरोबर रागच आला.

"जाताना पट्टेच पट्टे, आणि परतताना एक नाही! थट्टा चालवलीय का लोकांची?"

सूनबाई वळली. आल्या वाटेकडे तोंड करून पाहिलं, तर सगळे बुंधे कोरे. एकाही झाडाला या बाजूने रंगाचा थेंब नव्हता.

मग तिच्या लक्षात आलं. दरवर्षी दोघं दोन ब्रश घेऊन निघायची. अण्णा पुढे, चढणाऱ्याला दिसेल ती बाजू त्यांची. सासूबाई मागून तोंडाचा पट्टा चालवत उतरणाऱ्याची बाजू रंगवायच्या. मग दोघं ओढ्याकडच्या आडवाटेने घरी. यंदाही अण्णा आडवाटेनेच आले असणार; मागे वळून बघायचं काही कारणच नव्हतं.

बायकोच्या बाजूला हात लावायचा धीर झाला नसेल, दुसरं काय! साहेबांनाही ते कळेल, त्यांनाही घरदार आहे.

"राहू द्या अण्णा," ती हळूच म्हणाली. "उद्यापासून मागची बाजू मी करते."

अण्णांनी नवलाने पाहिलं. "तू कशाला? ती करतेय की. सावकाश काम तिचं, तुला माहीतच आहे. मारे गप्पा मारत येत होती, कुठे मागे राहिली कोण जाणे. हाक मार बरं तिला. धुकं वाढतंय."

दगडावरची बाई ताडकन उठली. "अजून कोणी आहे वर? बाईमाणूस एकटं?" तिने तोंडाभोवती हात धरले. "ओ मावशी!"

सूनबाईने तिचा हात धरून खाली ओढला. तळ्याचं पाणी गार नाही, चढ फार नाही, अशा किती थापा ती खिडकीतून रोज मारायची. आत्ता एकही सुचेना. हो म्हणावं तर ही बाई धुक्यात शोधायला धावेल.

"नाही," ती म्हणाली. "वर कोणी नाही."

ती हळू बोलली, पण अण्णांनी ऐकलंच.

"नाही?"

"नाही, अण्णा."

परक्या माणसांदेखत कोणी आपल्यावर रागावावं, तसे ते तिच्याकडे बघत राहिले. मग जवळच्या कोऱ्या बुंध्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि वर-खाली फिरवला. दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण उघडू लागले. ते निघेना.

"पोरगी गारठलीय," सूनबाई म्हणाली. "चला." तिने डब्याला हात घातला. अण्णांनी जरा धरून ठेवला आणि सोडला.

"साहेबाला काय सांगशील?" आवाज अगदी स्वच्छ होता.

"खरं ते."

त्यांनी मान हलवली. "हो पुढे मग. मी येतो मागून."

"मागून नाही. तुम्ही पुढे चला."

अण्णा निघाले. वाट त्यांना पाठ होती, एका वळणालाही थबकले नाहीत. पाठोपाठ मायलेकी. आणि सगळ्यांच्या मागे, गुडघ्यावर डबा आपटत, त्यांच्या पाठीवरून नजर न काढता सूनबाई.